अर्धा वळसा

दोनशे पंचवीस किलो. टाकी भरलेली असली की वर थोडे.
मी सत्तावन्न वर्षांची, उंची पाच फूट एक,
वजनाचं नंतर बघू.
स्विंडनमधलं आमचं गॅरेज आठ फूट रुंद,
मागच्या भिंतीला फ्रीझर, त्याच्यावर श्रीरंगच्या कुंड्या.

गाडी आत जाते ती सरळ, नाक पुढे करून,
गोठा ओळखणाऱ्या म्हशीसारखी.
बाहेर काढायची तर चढावर, मागे मागे, बोळात,
नोव्हेंबरच्या ओल्या पानांवर बूट घसरत,
आणि समोरच्या खिडकीतला पडदा जरासा हललेला.

मोटरसायकलला रिव्हर्स नसतो
हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

श्रीरंग म्हणाला, विकून टाक.
दूध संपलंय म्हणावं तशा आवाजात म्हणाला.
मी खिळा घेतला, सुतळी घेतली, पेन्सिल घेतली,
आणि प्लायवूडवर वर्तुळ काढलं.

पहिली चकती फिरली नाही, कुरकुरली.
खालची चाकं फरशीच्या भेगेत जाऊन बसली,
साइड स्टँड लाकडात अंगठ्यासारखा रुतला,
आणि बाई सावकाश,
अगदी सोफ्यावर टेकावं तशा सावकाश,
फ्रीझरवर टेकल्या.
आतल्या मटारांना काही झालं नाही.
टाकीला पोचा आला. आहे अजून.

पडदा हलायचा तो विल्फ टॅनरचा. वय त्र्याऐंशी.
दुसऱ्या दिवशी स्पिरिट लेव्हल घेऊन दारात उभे,
घड्याळ द्यावं तशी रुमालात गुंडाळलेली.
पंधराव्या वर्षी इथल्या रेल्वे कारखान्यात लागले,
कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा पंचेचाळीसचे.
म्हणाले, इंजिन नीट तोललं की शंभर टन
दोन माणसं ढकलायची, गप्पा मारत.
नाही तोललं तर वीस जणांना ढिम्म हलत नसे.
मग माझ्या चकतीकडे बघून, जरा सौम्यपणे:
तू वजन मध्यावर आणायला बघतेयस.
मध्य वजनाखाली न्यायचा असतो.

भंगारवाल्याकडून तीन मिलिमीटरचा पत्रा आणला.
चाकं उलटी लावली, पाय वर करून पडलेल्या झुरळांसारखी,
चोवीस, प्रत्येकाखाली वॉशर,
विल्फचा बुडबुडा दोन रेघांमध्ये येईपर्यंत.
कुठे एक वॉशर, कुठे तीन,
एका ठिकाणी बिअरच्या डब्याचा तुकडा.
वरची तळी, खालची तळी, मधे खीळ, ग्रीस.
चार आठवडे मी याचं इंग्रजी नाव दुकानादुकानांतून विचारत होते
आणि हातांना केव्हाच कळलं होतं, हे जातं आहे.
फक्त दळायचं काही नाही.

रविवारी गाडी चढवली.
मागच्या रॅकला एक बोट लावलं.

आवाज आला तो चाकांचा नव्हे, श्रीरंगचा. अरे, म्हणाला.
आरसा भिंतीपासून चार बोटं,
मागचं चाक फ्रीझरपासून चार बोटं,
आणि हेडलाइट दाराकडे, रस्त्याकडे.
बाहेर गारा पडत होत्या. जायचं कुठेच नव्हतं.
मी परत फिरवली. परत फिरवली.

विल्फ टोपी हातात घेऊन म्हणाले, मी बसू का?
जन्मात कधी बसलो नाही. घरी आवडत नसे.
आम्ही दोघांनी धरून त्यांना चढवलं,
श्रीरंगने गाडी सांभाळली, मी बोट लावलं,
आणि त्र्याऐंशी वर्षं अलगद
रंगाच्या डब्यांकडे, होजपाइपकडे, जुन्या शिडीकडे वळली.
पूर्ण करू? मी विचारलं.

थांब, म्हणाले. अर्ध्यावर थांबायचं.
समोरचा रूळ जुळला की मगच खीळ टाकायची.

खीळ अडकवायची सोय मी केलीच नव्हती.
चकती आपण होऊन बोटभर सरकली.
त्यांना कळलं असणार.
हँडल त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं
आणि ते शिडीकडे बघत होते.