उरलेला करंट

मंगळवारी हडर्सफील्डच्या आमच्या गल्लीत
कचऱ्याच्या लॉरीच्या पोटातून धूर निघाला.
ग्लेननं ओरडून गाडी थांबवली,
सगळा ढीग भर रस्त्यात ओतायला लावला.
गल्लीचं पितळ उघडं पडलं:
कुणाच्या रिकाम्या बाटल्या, कुणाची डायपरं,
आणि मधोमध काहीतरी पांढरंशुभ्र
शिट्टी वाजवत जळणारं.

"कुणीतरी बॅटरी टाकली असणार," बंबवाला म्हणाला.
कुणीतरी.
मी पडद्यामागे.
रविवारी मीच टाकला होता जुना फोन,
पुरीसारखी पाठ फुगलेला,
वरून बटाट्याची सालं पसरली होती.

तोच होता असं नाही.
नव्हता असंही नाही.
ग्लेनची डावी भुवई अजून नीट उगवलेली नाही.

जळगावला आमच्याकडे सेल मरतच नसत.
बाबा ते गच्चीवर कुरडयांशेजारी उन्हात मांडत,
संध्याकाळच्या बातम्यांपुरती धुगधुगी यायची.
इथे ऊन कुठलं?
रिमोटला दोन चापट्या, सेलांची अदलाबदल,
आणि मग खालचा ड्रॉवर.

तो उपसला त्या रात्री. अठरा वर्षं निघाली.
ओंकारच्या डायनोसॉरचे चार, हिरवट बुरा धरलेले.
गणपतीपुढच्या लुकलुकत्या दिव्यांचे बटणसेल.
धुराच्या भोंग्याचा चौकोनी:
जिभेला लावून पाहिला.
चावला.

टोकांना चिकटपट्टी लावत बसले,
कापल्या बोटाला लावावी तशी.

आता शेजारची एनिडही आणून देते
कानातल्या यंत्राचे सेल, मसुराएवढे, पाकीटभर.
"यातल्या एकानं हॅरल्डचं घोरणं ऐकलंय," म्हणाली,
"कुठल्या ते कळेना, म्हणून सगळेच ठेवले होते."
सुपरमार्केटच्या दाराशी त्या नळकांड्यात
ती एकेक टाकते. घाई नसते तिला.
मागे ट्रॉल्या खोळंबतात.

शनिवारी फिएस्टाची बॅटरी नेली डेपोवर,
पाट्याइतकी जड,
पण तान्ह्यासारखी सांभाळत,
आडवी होऊ न देता.
ताहिरनं उचलून घेतली. म्हणाला,
वितळवतात, शिसं काढतात, नवी बॅटरी करतात.
"आणि ती संपली की?"
"परत बॅटरी."
शिशाला मोक्ष नाही म्हणजे, मी मराठीत म्हटलं.
तो उगाच हसला.

आज पुन्हा मंगळवार.
ग्लेन डबा उचलण्याआधी क्षणभर कान लावतो त्याला,
हल्ली सगळ्यांच्याच लावतो.
मी पडद्यामागून बाहेर आले, पायऱ्या उतरले.
म्हटलं, हवा बरी आहे आज.
"पाऊस येईल," तो म्हणाला.

सांगायचं होतं ते जिभेवर आलं होतं,
चौकोनी सेलासारखं
चावत राहिलं.