नाव कुणाचं घातलंय

उद्यमबागेत अठरा वर्षं मी ओतीव लोखंडावर नंबर ठोकतो.
पंचाचा घाव जुना की नवा
ते बोटाला कळतं, चष्मा लागत नाही.
म्हणून संकेश्वरात, भूपाल खोतांच्या मिरचीच्या वखारीत
बॉनेट उघडल्यावर
मी इंजिन ऐकलंच नाही आधी.
चिंधीनं धूळ पुसली
आणि चेसीच्या आकड्यांवरनं बोट नेलं, सावकाश.

आठ आठासारखा. तीन तीनासारखा.
घासल्याची खूण नाही, वेल्डिंगची गाठ नाही.
वर कागद धरून पेन्सिल फिरवली,
सतरा अक्षरं काळ्यातनं पांढरी वर आली.
मग तीनदा शिंकलो.
सीटवर, पट्ट्यात, एसीच्या जाळीत, सगळीकडं खकाणा.

"अकरा हजारच पळलीय," खोत म्हणाले.
सात वर्षांत अकरा हजार?
मीटर फिरवलाय गड्यानं, मी मनात म्हटलं.
खरं टायर तसं सांगेनात.
रबराचे केस अजून शाबूत
आणि बगलेला भेगा.
पळून झिजलेली नव्हती गाडी,
उभी राहून वाळली होती.

"आरसी दाखवा."
कार्ड आणलं, खरं हातात देईनात.
टोपी सारखी केली. चहा सांगितला.
यंदा ब्याडगीनं संकेश्वरीचा दर कसा खाल्ला ते सांगितलं.
मी हात पुढं धरूनच बसलो.

बँकेचा बोजा नाही.
नाव: त्रिशला भूपाल खोत.
"ह्या कोण?"
"लेक."
"मग मालक त्या. बोलवा की त्यांना."
"पैसे मी भरलोय."
"भरला असाल. नाव कुणाचं घातलंय?"

स्टँडजवळच्या ऑनलाइनवाल्या मुत्तुराजनंही
मान वर न करता तेच विचारलं:
"यार हेसरन्याग ऐती, काका?"
ओटीपी तिच्याच मोबाईलला जातो म्हणाला,
दुसऱ्या कुणाच्या नाही. बापाच्यासुद्धा नाही.

तिथं बाकड्यावर, इकडंतिकडं बघत, खोतांनी सांगितलं.
वर्षभर ती हुक्केरीला बँकेत जायची ह्या गाडीतनं.
मग बैलहोंगलचा एक पोरगा.
चावी मापट्यात टाकून गेली.
"मी म्हटलो, गाडी तरी ने.
नाही म्हटलो. काहीच म्हटलो नाही मी."

नंबर वहीत शोधावा लागला नाही.
सहा वर्षं लावला नव्हता, खरं पाठ होता.

"हां. मी."
मग बराच वेळ नुसता स्टँडवरचा गलका.
"सहा आकडे आलेत काय बघ."
त्यांनी माझीच पेन्सिल मागितली.

स्पीकरवर बाईचा आवाज, पाठीमागं कुकरची शिट्टी:
नाल्कु. एळु. एळु.
ओंदु. सोन्ने.
आरु.
तिच्या घरात आता मोजतात तशी मोजत होती.
खोत पाठोपाठ म्हणत गेले, चार, सात, सात,
शाळेत पाढे घ्यावेत तसे,
आणि आरूशी येऊन थांबले.
लिहिलं नाही.
"लेकरू शाळेला जाऊलालंय काय?" म्हणाले.

मुत्तुराजनं स्क्रीनकडं बोट केलं.
मी त्याला थांब म्हटलं.
पाचची बेळगाव गाडी हॉर्न देऊन गेली.
तिकडं कुणीतरी लहान फोन घेऊन नुसतंच श्वास घेत होतं.

"टायम सरलं," मुत्तुराज शेवटी म्हणाला,
"परत पाठवाय पाहिजे."
"परत पाठव," मी म्हटलं.

गाडी अजून वखारीतच आहे.
बेस्तवारी ती स्वतः येणार म्हणालीय, सही घालायला.
टोकन मी दिलेलं नाही, कागद झाल्याशिवाय देणार पण नाही,
आणि तोवर विकायचं त्यांच्या मनात राहील की नाही
तेही सांगता येत नाही.

साडेसहाच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली.
खिशातला चेसीचा कागद काढला, उलगडला,
आणि परत शिंकलो.