पाकाची तार

श्रीपती ज्ञानू चौगले, वय बावन्न, राहणार वडणगे.
उजवा डोळा.
कागदावर एवढंच आलं माझ्याकडं
आणि काचपट्टीवर टिंबाएवढं
त्याच्या बुबुळावरनं खरवडून काढलेलं काहीतरी.

सतरा दिवसांपूर्वी उसाचं पान लागलं.
नुसतं लागलं, म्हणाला, रक्तसुदीक न्हाई आलं.
रक्त येणार कुठनं, काका,
बुबुळाच्या काचेत एकही शीर शिरत नाही,
म्हणून तर उजेड आत येतो.

मग डोळा लाल. पाणी. सकाळी चिकटलेल्या पापण्या.
पुलाजवळच्या मेडिकलातल्या पोरानं एक ड्रॉप दिला,
चार दिवसांत लाली उतरली,
आणि श्रीपतीनं त्या पोराला गुळाची ढेप पाठवली.

मला त्या ढेपेचंच वाईट वाटतं.
लाली हा रोग नव्हता.
गावात चोर शिरल्यावर उठलेली माणसं होती ती,
कंदील, काठ्या, आरडाओरडा.
बाटलीतल्या स्टिरॉइडनं त्यांना सांगितलं,
झोपा रे, मांजर होतं.
झोपले सगळे.
चोर तेवढा जागा.

पोटॅशचा एक थेंब, वर पातळ काच, दहा मिनिटं.
आपल्या पेशी विरघळतात, बुरशी विरघळत नाही.
खिडकीतनं मार्केट यार्डाचा गुळाचा वास येत होता,
खाली उसाच्या दोन ट्रॉल्या एकमेकींत अडकलेल्या,
ड्रायव्हर एकमेकांच्या आया काढत होते.
चाळीसच्या भिंगावर बोट फिरवलं
आणि दिसल्या:
फाटे फुटलेल्या, मधे मधे गाठी असलेल्या,
कुणाचीच घाई नसलेल्या रेषा.

रिपोर्ट न्यायला तो वर आला तेव्हा
डाव्या डोळ्यानं बघू दिलं. नियमात बसत नाही.
बराच वेळ वाकून होता. मग म्हणाला,
"ह्ये तर पाकाला तार आल्यागत दिसतंय, ताई."
तीस वर्षं गुळव्या. काहिलीतला बुडबुडा बघून
सांगतो, आता उतरवा, आता नको.
त्याला कळलं नाही ते त्याच्याच डोळ्यातलं.
मला तरी भिंगाशिवाय कुठं कळलं असतं?

मगदूम मॅडमनी त्याच्या डोळ्याच्या तळाशी
पांढरा थर दाखवला होता मला, विळ्याच्या कडेएवढा.
त्यात बुरशी नसतेही कधीकधी.
आपलीच माणसं असतात, उशिरा उठून धावलेली,
चोराच्या मागं पळताना उभं पीक तुडवलेली,
आणि परत जायची वाट न सापडलेली.
काहिलीत मळी वर येते.
इथं खाली बसते.

तासातासाला ड्रॉप, बाटली हलवून, रात्रीसुद्धा.
बायको शोभा मोबाइलला गजर लावायची.
माझ्या वाटीत तिसऱ्या दिवशी कापूस उगवला,
मी त्याचं नाव लिहिलं, वाटी बंद केली.

दोन महिन्यांनी बुरशी गेली, आणि डोळ्यात फूल पडलं.
फूल म्हणतो आपण त्याला.
कुणी ठेवलं असेल हे नाव,
आणि कुणाच्या डोळ्यात बघत?

परवा तो आला, कागदात बांधलेली ढेप घेऊन.
काळपट होती. मी बघतच राहिले,
तर म्हणाला, हायड्रोस न्हाई घातल्यालं.
पांढरा करून दिला असता,
दिसाय बरा दिसतो त्यो.
आणि उजव्या बाजूनं येणाऱ्या आमच्या शिपायाला
धडकला, सॉरी म्हणाला,
जिन्याच्या कठड्याला हात लावत उतरला.

ढेप काचपट्ट्यांच्या खणात ठेवली.
सोमवारी उघडला,
तर मुंग्या.