जुना नंबर

पौनीकर प्रेसच्या मागच्या खोलीत
कूलर आहे, पाणी नाही.
मे महिना. गोळीबार चौकातली दुपार
पत्र्यावरून सरळ मानेवर उतरते.
देवरावजी दारातूनच म्हणतात,
"मशीन तापली तर जिम्मेदारी तुही, पोरी."

मशीन म्हणजे सत्त्याण्णव सालचा मॅक,
तेव्हा दुधी, आता तंबाखू खाल्लेल्या दातासारखा.
यावर जुळवल्या गेल्या
अर्ध्या पाचपावलीच्या लग्नपत्रिका,
आणि एका पडलेल्या उमेदवाराचं पत्रक,
अकरा हजार प्रती.
सहा हजार अजून माळ्यावर आहेत, पैसे बाकी.

माझा प्रोग्राम जेमतेम एकशे चाळीस ओळींचा.
तो डिस्कला विचारतो, तू राहतेस कुठं?
आणि उत्तर मशीनच्या बोलीत लिहून देतो:
अमक्या पुलापलीकडे,
इतक्या नंबरच्या खाचेतल्या कार्डामागे,
डिस्क शून्य, खण तिसरा.
बस.
सकाळी डोळे उघडताना
मशीनला चाचपडावं लागू नये, इतकंच.

नव्या मशिनी स्वतःच हुडकतात.
हिला मात्र सगळा पत्ता लागतो,
एक तिरकी रेघ इकडची तिकडे झाली
की करड्या पडद्यावर फ्लॉपीचं चित्र,
तिच्या पोटात प्रश्नचिन्ह,
लुकलुकत राहतं. रागावत नाही, हेच वाईट.

सदरच्या शाळेतला निळा मॅक: पास.
जरीपटक्याच्या भंगारातला, एका पंख्याचा: पास.
वहीत दोन टिका.
इथे सात वेळा लिहिलं, सात वेळा उत्तर,
उघडता येत नाही.
वर घड्याळाची बॅटरी मेलेली,
प्लग काढला की हिचं साल एकोणीसशे चार,
आणि मी टाकलेला पत्ताही गेला.
केबल बदलली. कार्ड काढून खोडरबरानं घासलं.
डिस्क कानाला लावली, फिरतेय.
घरातच आहे ती, फक्त माझ्या हाकेला ओ देत नाही.

तेवढ्यात कागदाची रिमं घेऊन एक पोरगा आला.
"तेरा नंबर हाच का?"
देवरावजींनी चष्मा वर केला.
"जुना तेरा हाच. नवा तेरा तिकडं, पिठाच्या गिरणीपाशी.
तुले कोणता पायजे?"

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

सोळाच्या हिशेबात तेराला डी म्हणतात.
माझा प्रोग्राम तेरा लिहीत होता,
मशीन ते एकोणीस वाचत होती,
आणि एकोणीस नंबरचं दार
या घरात कधी नव्हतंच.
आधीच्या दोघांचे नंबर दहाच्या आतले,
तिथं माझी चूक
माझ्यासोबत चहा पिऊन परत आली होती.

एक ओळ बदलली. आठव्यांदा.
डिस्क आधी खोकली,
मग पडद्यावर पांढरी अक्षरं
वरून खाली, भराभर, थांबेचनात.
"झालं काय?" देवरावजी.
"झालं."
"मंग प्लग काढल्यावर?"
"मग विसरेल."
"हात्तिच्या!"

ते उठले. कोपऱ्यातली खिळ्यांची पेटी ओढली,
बावीस वर्षांत कोणी न उघडलेली,
धूळ फुंकली आणि म्हणाले, सांग पत्ता.
मी सांगत गेले, ते एकेक अक्षर
चिमटीने उचलत गेले.
डीपाशी अडले. छोटे डी संपलेले,
कुण्या इंग्रजी पत्रिकेत गेले असतील.
थोडं थांबले.
मग पी घेतला, उलटा लावला.

चिठ्ठी मशीनच्या कुशीला खळीनं डकवली.
ओल्या शाईचा वास. अक्षरं जरा वाकडी.
उलटा पी वाचून बघितला मी,
पत्ता बरोबर होता.