सोबतची खुर्ची

नियम असा आहे, की
चौकशीला बोलावलेल्या शिक्षकाला
एक सोबती नेता येतो.
सोबत्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही.
ही न बोलायची नोकरी
मी बावीस वर्षं केली, वनस्पतिशास्त्राचे तास सांभाळून.

बर्डीवर झेरॉक्सच्या दुकानाच्या माथ्यावर
आमच्या संघटनेची खोली.
जिना इतका अरुंद
की उतरणाऱ्याचा चेहरा वाचल्याशिवाय
चढता येत नाही.
कपाटात माणसं विषयवार नाहीत,
दुखण्यावार लावली आहेत:
स्थाननिश्चिती, सेवाखंड, थकबाकी,
आणि सगळ्यात जाड गठ्ठा तासिका तत्त्वाचा.
त्यात नेट-सेट झालेली पोरंपोरी,
मे महिन्यात ज्यांना विद्यापीठ ओळखत नाही.

मंगळवारी दुपारी बारापात्रेसर आले.
इतिहास विभाग. निवृत्तीला चार महिने.
हातात पत्र:
एकोणीस वर्षांपूर्वी एक वेतनवाढ जास्तीची लागली,
ती व्याजासकट भरा,
अन्यथा पेन्शनचं प्रकरण पुढे जाणार नाही.
चूक कोणाची, हे पत्रात नव्हतं.
पत्रात नसतंच ते.

खोली गप्प झाली.
पेपर तपासणीवर आम्ही बहिष्कार टाकला,
चौपन्न दिवस पगाराविना काढले,
निनावेंच्या घरच्या बांगड्या गहाण पडल्या,
तेव्हा हे सर रात्री स्कूटरवरून
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नेत होते,
चादरीत बांधून.
रविनगर चौकात मी स्वतः पाहिलं होतं.
त्यांनीही मला.

डोये नवा, रक्त गरम. म्हणाला,
"यायच्यासाठी काऊन भांडाचं आपण?"
निनावेंनी काही न बोलता
जुनी पावतीपुस्तकं खाली घेतली,
बोट ओलं करून मागे मागे गेले.
बारापात्रे, वर्गणी जमा.
बारापात्रे, वर्गणी जमा.
बहिष्काराच्या वर्षीसुद्धा.
तीनशे रुपये, रोख.
"सभासद हायेत ना बापा," निनावे म्हणाले,
"आवडते का नाई, त्याचा रकाना नाई याच्यात."

मग चार रात्री मी त्यांची सेवापुस्तिका वाचली.
अर्जित रजा: आईचं आजारपण.
असाधारण रजा: तीच आई.
आणि त्याच वर्षी, त्याच एप्रिलात
भविष्य निर्वाह निधीतून उचल. कारण: डायलिसिस.
आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.
आम्ही विचारलं नव्हतं.
याने ते गठ्ठे माफ होत नाहीत,
फक्त किती जड होते, ते कळलं.

सुनावणीच्या खोलीत वाळ्याचा कूलर,
पाणी संपलेलं, नुसता घरघरणारा.
टेबलापलीकडे तीन खुर्च्या, अलीकडे एक.
"तुम्ही बाहेर थांबा मॅडम," साहेब म्हणाले.
मी नियमाचा कागद पुढे सरकवला
आणि उभी राहिले.
शिपाई खुर्ची शोधायला गेला.
ती येईपर्यंत सर बसले नाहीत, बोलले नाहीत,
साहेबांना फाईल उघडता आली नाही.
संघटना म्हणजे काय असं कुणी विचारलं
तर मी ती अकरा मिनिटं सांगेन.
बाकी सगळं टायपिंग असतं.

विचारल्यावर मी एकच विचारलं:
वेतननिश्चितीवर सही कुणाची?
पान उलटलं गेलं. परत उलटलं गेलं.
पुढची तारीख पडली.

बाहेर ऊन असं, की डांबर चपलेला चिकटे.
उसाच्या रसाच्या गाडीपाशी सर थांबले.
"मॅडम, त्या रात्री रविनगरात…"
"पाहिलं होतं," मी म्हणाले.
"आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलंही मीच."
त्यांनी मान हलवली.
दोन ग्लास घेतले, एकात बर्फ नको म्हणून सांगितलं.
माझा घसा बसतो, हे त्यांना कसं ठाऊक, कोण जाणे.

सत्तावीस तारीख. त्यांनी पत्राच्या मागे लिहून घेतली.
पेन माझं होतं.
परत द्यायचं ते विसरले.