अर्थिंग

ओव्हनचं खोकं तीन आठवडे दिवाणाखाली होतं.
भिशीचे पैसे, दोन वर्षांचे.
सांगायचं कारण : नातवाचा केक.
खरं कारण कुणी विचारलं नाही,
म्हणून मीही बोलले नाही.

ओट्याजवळ एकच पॉइंट.
फ्रिज काढा, मिक्सर लावा,
मिक्सर काढा, फ्रिज लावा.
मानेवाड्याच्या या घरात सव्वीस वर्षं
ही पाळी मीच सांभाळली.

प्रणय हेडाऊ आला दुपारी दोनला,
डोक्याला ओला दुपट्टा.
कूलरसमोर मिनिटभर उभा राहिला, मग म्हणाला,
"सोळा अँपियरचा लागन काकू. वायर चार एमएमची.
मेनपासून वेगळी आणा लागते."
बोर्ड उघडला. आत भिंतीचा पिस्ता रंग,
आम्ही राहायला आलो तेव्हाचा,
आणि एक वाळलेली पाल.
टेस्टर लावला, मग मीटर, मग कपाळाला हात.
"कोणं केली होती जी ही फिटिंग?
अर्थिंगच नाही.
हे वरचं मोठं छिद्र निस्तं शोभेचं हाये."

मी फ्रिजकडे पाहिलं.
ओल्या हातानं दार उघडलं की
कोपरापर्यंत झिणझिण यायची.
यांना सांगितलं होतं. एकदा नाही.
"चप्पल घालत जा."
डॉक्टरनं बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या.
जाऊबाई म्हणाल्या, वय.
आणि मी घातली चप्पल,
निळी, रबराची, फक्त स्वयंपाकघरातली,
झिजली की तशीच दुसरी.

कटरनं भिंत चिरली.
साखरेच्या डब्यावर, बरणीवर, देवांवर
विटेची लाल भुकटी.
मागे कढीलिंबाशेजारी कमरेएवढा खड्डा,
त्यात कोळसा, मीठ, तांब्याची प्लेट.
हे दारातून म्हणाले,
"एवढ्याशा ओव्हनसाठी एवढा खटाटोप?"
प्रणयनं खड्ड्यातूनच उत्तर दिलं,
मान वर न करता :
"करंट जाईन कुठं मंग काका?
माणसातूनच जाते."
हे आत गेले. टीव्हीचा आवाज वाढला.

पैसे मोजून घेताना बजावलं त्यानं,
"मे महिन्यात बादलीभर पाणी टाकत जा रोज.
जमीन सुकली का घेत नाही."

कूलरच्या आधी आता ती बादली भरते मी.
पहिला केक खालून करपला.
नातू म्हणाला, चालते आजी.

रात्री भांडी झाल्यावर
अनवाणी उभी राहते फरशीवर,
फ्रिजच्या दाराला ओला तळवा लावते.
थांबते.
काहीच होत नाही.
पुन्हा लावते.