पारा हळू उतरव

सिस्टर नोमवुयो म्हणाली, घाई करू नकोस,
पारा हळू उतरव. एका श्वासाला एक रेघ.

त्सोलोच्या पलीकडे टेकडीवरचा दवाखाना, पहाटेचे तीन,
जनरेटर खोकतोय,
सोनोग्राफीचं मशीन जूनपासून चादरीखाली बंद,
आणि म्खुसेली द्योसिनी, वय एकेचाळीस,
वेल्कमच्या सोन्याच्या खाणीतून
फुप्फुसात धूळ अन् खिशात कमी केल्याचा कागद घेऊन परतलेला,
बायकोच्या पाठीला पाठ लावून बसलाय.
आडवा केला की गुदमरतो.

मानेच्या शिरा दोरासारख्या तट्ट.
छातीला नळी लावली तर हृदय लांब कुठेतरी,
शेजारच्या खोलीत घोंगडीखाली कुणी बोलावं तसं.
मनगटावर माझी तीन बोटं:
आहे, आहे, नाही.
आहे, आहे, नाही.
मला वाटलं, माझीच बोटं गारठलीत.

एकशे चारला पहिला ठोका.
मग गप्प.
पुन्हा दोन. पुन्हा गप्प.
ऐक कानांनी, सिस्टर म्हणाली, पण बघ त्याच्या छातीकडे.
तेव्हा कळलं:
श्वास सोडला की ठोका येतो,
घेतला की जातो.
हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी तुंबलेलं,
एका अरुंद खाटेवर दोघं,
एकानं कूस बदलली की दुसरा खाली.
तरी तो घेत होता, घेत होता,
दर वेळी थोडा कमी होत.

शंभर. शहाण्णव. नव्वद. अजून तुटक.
अठ्ठ्याहत्तरला सगळे ठोके सलग लागले.
एकशे चारातून अठ्ठ्याहत्तर गेले, सव्वीस.
मी वजाबाकी पुन्हा केली, बोटांवर, शाळेतल्यासारखी.
दहापर्यंत माफ असतं, सिस्टर म्हणाली,
तेवढे सगळेच बुडतात.

म्थाथाची अँब्युलन्स पुलाअलीकडे अडकलेली.
डॉक्टर फुंडिस्वा आल्या, स्वेटर उलटा घातलेला,
बरगड्यांच्या मधल्या टोकाखाली सुई घातली,
रोख डाव्या खांद्याकडे.
सिरिंजमध्ये आलं ते कोऱ्या चहासारखं काळपट तांबूस.
शंभर. दोनशे. साडेतीनशे.
कुणी बोललं नाही. जनरेटरसुद्धा
नेमका तेव्हाच बंद पडला, मी टॉर्च धरला.

म्खुसेलीनं डोळे उघडून आंबलेलं दूध मागितलं.
आधी आडवा हो, सिस्टरनं दटावलं,
आणि तो खरंच आडवा झाला.

पारा पुन्हा उतरवला. आठ.
वहीत लिहिलं, वेळ लिहायला विसरलो.
नोसाखेले, त्याची बायको, तशीच बसून होती,
पाठीमागे आता कुणी नसताना
पाठ अजून ताठ.
माझंही बघा, म्हणाली.
मी पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला, फुगा दाबला,
कान लावला, वाट पाहिली.
आई, म्हटलं,
श्वास घ्या ना.